वर चौदा

ते कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा हाताच्या पालथ्या बाजूने शिवत. फाटकाची कडी, चहाचा कप, बाजारातून आणलेलं टरबूज, तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ. सगळ्याला आधी बोटांची पाठ लागायची, मग तळवा. मी घर बघायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेलाही तसाच हात लावला आणि मगच ती उचलून आत नेली. मला तो सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटला. इथं आपलं जमणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. पुढे आठ वर्षं मी त्या घरात राहिले.

सोवळं वगैरे काही नव्हतं. चार दिवसांनी मी विचारलंच.

"करंट असला की मूठ आवळती, मॅडम," ते म्हणाले. "तळव्यानं धरलं तर हात सुटत न्हाई. पालथ्या हातानं शिवलं तर झटका बसून हात मागं येतो. माणूस वाचतो."

"पण बॅगेत कुठला करंट?"

"न्हाई की. सवय हाय."

त्यांची सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी देवणीत हे घर बांधलं. पुढच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू, मागच्या तीन खोल्यांत ते आणि त्यांची बायको. गल्ली त्यांना लाईनमन मामा म्हणायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. नवऱ्याची नोकरी नांदेडला, तो शनिवारी यायचा. माझ्याजवळ माझी सहा वर्षांची मुलगी. ती अंधाराला इतकी भ्यायची की रात्री दिवा गेला तर श्वास धरून बसे.

त्या घराला जिना नव्हता. नवं कोरं घर, वर चांगला स्लॅब, कडेने कठडा, आणि वर जायला मागच्या अंगणात भिंतीला टेकवलेली एक लोखंडी शिडी. मामी त्यावरून कायम बोलायच्या. पापड वाळवायचे तर शिडी, गाद्यांना ऊन दाखवायचं तर शिडी. मामांचं म्हणणं असं की जिन्यावर माणूस बेसावध चढतो. शिडीवर त्याला कळत असतं, आपण जमीन सोडली.

त्या शिडीवरून दर अमावास्येला गल्लीतली पोरं आणि त्यांच्या घरची माणसं वर जात. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. पावसाळ्याचे चार महिने सुट्टी.

आदल्या दिवशी मामा वही घेऊन घरोघर फिरायचे. लांबट, पुठ्ठ्याची वही. लाईनवर काम करायचं तर आधी ती बंद करून घ्यावी लागते आणि तसा कागद हातात असल्याशिवाय खांबावर चढायचं नाही. त्या कागदाला ते परमिट म्हणत. गल्लीतल्या प्रत्येक घराकडून ते असं परमिट घेत: बाहेरचा दिवा एक तास बंद, खाली सही. तास संपला की त्याच वहीत 'परत केले' म्हणून दुसरी सही त्यांची. बायका हसायच्या. "मामा, बटन मीच दाबणार, सही कशाला?" मामा वही पुढे धरून उभे राहायचे. सही होईपर्यंत हलायचे नाहीत.

माघातली अमावास्या शिवरात्रीला लागून येते. त्यामुळे शिवरात्रीला मामा उपाशीपोटी वही घेऊन निघायचे आणि प्रत्येक घर त्यांना काहीतरी द्यायचंच. कुठे शेंगदाण्याचा लाडू, कुठे रताळ्याचा कीस, कुठे भगर. मामी म्हणायच्या, "ह्यांचा उपास सोडायला घरी यावंच लागत न्हाई."

पहिल्या अमावास्येला माझी मुलगी शिडीच्या खाली उभी राहून रडत होती. वर अंधार आहे, मी जाणार नाही. मामांनी समजूत घातली नाही. घरातून पाटी आणि खडू आणला.

"घे माय. मला कुणीतरी मोजणारं पाहिजे. कितीजण वर गेले ते लिहायचं. मी एक. माझ्यापासून मोज."

ते पहिल्यांदा चढायचे. मग बाकीचे. मुलगी डोळे पुसत 'दोन, तीन, चार' करत राहिली, आणि शेवटी पाटीवर आकडा लिहिण्यासाठी आपल्यालाही धरायला हवं हे तिच्या लक्षात आलं. ती नववी होती. पाटी काखेत घेऊन ती चढली. मी मागून चढले, तर वरून आवाज आला, "आई, तू दहा!"

तेव्हापासून पाटी तिच्याकडे राहिली. मोजणी कायम दोनपासून व्हायची, कारण एक म्हणजे मामा.

वर गेल्यावर पहिली वीस मिनिटं काही बघायचंच नाही. पालथं पडायचं आणि डोळे मिटायचे. "डोळ्याला टाईम द्या," असं ते गुरगुरायचे. टॉर्चवर दिवाळीच्या आकाशकंदिलाचा लाल कागद रबराने बांधलेला असे, लाल उजेडाने डोळा बिघडत नाही म्हणून. मग ते म्हणत, "हां. आता वळा." पंधरा-सोळा माणसं एकदम उताणी व्हायची. कुणीतरी "अगं बाई" म्हणायचं. दर वेळी कुणीतरी म्हणायचंच.

बोट दाखवायला बंदी होती. अंधारात बोट कुणालाच नीट दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याला त्या बोटापुढे भलताच तारा सापडतो. तोंडाने सांगायचं. हात लांब करून मूठ धरायची आणि मुठींनी मोजायचं. 'पाण्याच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यापासून वर तीन मुठी, तिथं तांबडा.' पोरं अशी काही अचूक बोलायला शिकली की शाळेतले मास्तर विचारायचे, ह्यांना काय झालंय.

मामींच्या जुन्या काचेच्या बांगड्या असत. प्रत्येकाने एक बांगडी हात लांब करून धरायची आणि तिच्या आत किती तारे मावतात ते मोजायचं. आणि मग गोणपाट. खाली अंगणात पोतं पसरून, वर पाहिलेलं धान्याने मांडायचं. ठळक ताऱ्याला हरभरा, मधल्याला ज्वारी, अंधूक असेल तर राजगिरा. मृगातल्या तांबड्या ताऱ्याला मसुरीचा दाणा. सकाळी कोंबड्या ते आभाळ खाऊन टाकायच्या.

मामांना पुस्तकातली नावं येत नव्हती. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. मृगातले तीन तारे म्हणजे तिकांडं. मी ग्रंथालयातून तारकांचे नकाशे आणले तेव्हा त्यांनी ते पालथ्या हाताने चाचपून पाहिले आणि परत दिले. नवऱ्याने एकदा नांदेडहून दुर्बीण आणली. तीही परत. "एकट्याला दिसतंय ह्यातून. सगळ्यांना एकदम दिसाय पाहिजे."

मी त्यांना दिलेली एकच गोष्ट त्यांनी ठेवून घेतली. एका माघात ते मला म्हणाले, "मॅडम, उत्तरेला ध्रुव किती मुठी?"

मी मूठ धरली. "दोनला जरा कमी."

"आता दखनेला बघा. तो मोठा पांढरा."

मी वळले. दक्षिणेला, अप्पांच्या गोदामाच्या पत्र्यावर एक मोठा तारा थांबला होता. दोन मुठींना जरा कमी.

"मधी आपली देवणी," मामा म्हणाले. "लेव्हलमधी हाय सगळं. त्याचं नाव काय?"

मी दुसऱ्या दिवशी पुस्तकात पाहिलं. अगस्त्य. त्यांनी ते चार वेळा म्हणून पाहिलं. त्यानंतर जो येईल त्याला ते विचारायचे, अगस्त्य बघितला का? बाजारात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत.

आता अप्पांचं सांगते. समोरच्या कोपऱ्यावर त्यांचं धान्याचं दुकान आणि मागे गोदाम. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरी कोपरी, आणि आवाज असा की ते उदगीरशी फोनवर बोलताना फोन कशाला लागतो, असा प्रश्न पडावा. ते सही द्यायचे पण वर यायचे नाहीत. वजन फार. शिडी त्यांचं ऐकणार नाही, असं त्यांना वाटायचं.

एका वर्षी त्यांच्या दुकानाचं कुलूप तोडून चोराने तेलाचे डबे नेले. अप्पांनी नगरसेवकाच्या मागे लागून कोपऱ्यावर हायमास्ट मंजूर करून आणला. उंच खांब आणि वर सहा दिव्यांचं चक्र. गल्ली खूश झाली. मला तरी का वाईट वाटावं? मी रात्री बसने येऊन त्याच अंधारातून मुलीला ओढत घरी आणायची. पण ज्या दिवशी खांबासाठी खड्डा खणला, त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. मी पीठ घ्यायला तिथेच होते.

"अप्पा, ह्या दिव्याला खाली बटन ठेवा. कुलपाची पेटी करा. महिन्यातून एक तास परमिट पाहिजे."

"मामा, जन्मभर तुम्ही गावोगाव लाईट लावत फिरलाव. आन आता आमच्याच गल्लीत अंधार मागायलाव?"

"अंधार न्हाई मागत. परमिट मागायलोय."

"आन त्या एका तासात चोर आला म्हणजे?"

"त्याला सांगू, अमावस्येला सुट्टी घे."

"चेष्टा करू नका ओ. माझे डबे गेलेत."

गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, "अप्पा, देऊन टाका परमिट. न्हाई तर मामाला काय अवघड हाय, एखाद्या रात्री वायर काढतील."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते त्या माणसाकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "परमिटाशिवाय मी लाईनला हात लावत न्हाई. एकदा लावला न्हाई, तरी माणूस गेला." आणि ते दुकानातून उतरून घरी निघून गेले.

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. त्या संध्याकाळी ते अंगणात शिडीपाशी बसले होते. मी चहा नेऊन दिला. कपाला पालथा हात लावून ते थांबले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. आठ वर्षांत त्यांनी हे एकदाच सांगितलं.

नोकरीच्या सुरुवातीला ते नांदेड जिल्ह्यात उमरीकडे होते. जोडीला त्यांच्याच वयाचा एक जण. दोघं एकत्र जेवायचे, एकत्र चढायचे. थंडीचे दिवस, शेतातली लाईन तुटलेली. संध्याकाळपर्यंत काम संपलं. मामा आधी उतरले आणि डीपीच्या दिशेने चालू लागले. डीपीपाशी तिसरा माणूस लाईन चालू करायचा दांडा धरून उभा होता. मामांनी एकदा मागे वळून पाहिलं. जोडीदाराचा एक पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर आणि दुसरा जमिनीला टेकलेला.

"मी वरडलो, दोघंबी उतरलो, चालू कर. माझं मी बोललो ते ठीक. त्याचंबी मीच बोललो."

पक्कड वर राहिली होती. ती आणायला तो परत चढला होता.

गाडी येईपर्यंत मामा शेतात त्याच्याशेजारी बसून राहिले. लाईन बंद, त्यामुळे आसपासच्या एकाही गावात उजेड नव्हता.

"खाली बघवंना," ते म्हणाले. "म्हणून वर बघत बसलो. तिकांडं डोक्यावर आलतं. एवढं आभाळ मी तोवर कधी बघितलं न्हवतं, मॅडम. खांबावर चढून बी न्हाई."

चहा निवून गेला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

मग मला शिडीवरच्या एका नियमाचा उलगडा झाला. तास संपला की सगळे एकेक करून उतरायचे. पाय जमिनीला लागला की प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं, "उतरलो." मुलगी पाटीवर एक रेघ मारायची. शेवटचे मामा. ते उतरताना मामी खालून अंगणातून म्हणायच्या, "उतरतील सावकाश. वरच करमतंय त्यांना." त्या पलीकडच्या कर्नाटकातल्या, चिडल्या की कानडीत शिरायच्या. "साकु, साकु, बास झालं, या आता खाली." मामा उतरत, स्वतःचं "उतरलो" म्हणत, मुलगी रेघा मोजून आकड्याशी जुळवे, आणि जुळल्यावरच गल्लीत हाक जाई, चालू. आकडा जुळत नसेल तर एकही दिवा लागायचा नाही. आणि मुख्य नियम हा की दुसऱ्याचं 'उतरलो' कुणी म्हणायचं नाही. आईने कडेवरच्या बाळाचंसुद्धा नाही. बाळाने तोंडाने काहीतरी आवाज करायचा, मग रेघ.

अप्पांनी शेवटी पेटी करून दिली. ते कशाने वळले ते मला माहीत नाही. दुकानातलं ते वाक्य त्यांनीही ऐकलं होतं. पण किल्ली त्यांनी मामांना दिली नाही. "माझ्याच जवळ राहणार. अमावस्येला मीच बंद करणार, मीच चालू करणार." मामांना हे फारच पसंत पडलं. डीपीपाशी माणूस हवाच असतो.

असे अप्पा अमावास्येला किल्ली घेऊन आमच्या अंगणात बाजेवर बसू लागले. नुसतं बसून काय करायचं, म्हणून मामींनी त्यांच्या हातात एक बांगडी दिली. तिथे ते सापडले. मापात त्यांना कुणी हरवलं नव्हतं.

"एकवीस," अप्पा ओरडले.

"सतरा," वरून एका पोराचा आवाज.

"एकवीस हायत रे! तीस वर्षं मोजमाप करायलोय मी, मला शिकवतो का?"

"अप्पा, तुम्ही हात वाकडा धरलाव. हात सरळ केला की बांगडी बारकी दिसती."

मग खालून पडेल आवाजात, "एकवीस होते मग आधी. आता सतरा भरायलेत."

पुढच्या महिन्यात अप्पांनी गोणपाटासाठी चार पुड्या आणल्या. हरभरा निवडलेला, ज्वारी मालदांडी, राजगिरा चाळलेला. "आभाळ मांडायचं तर माल चांगला पाहिजे," म्हणाले.

त्या अंगणातली एक संध्याकाळ मात्र अप्पांनी मामांना फार दिवस माफ केली नाही. पाटीवर सोळा होते आणि रेघा पंधरा. सगळे पुन्हापुन्हा बोलले, पंधराच. मामा टॉर्च घेऊन परत वर गेले, टाकीमागे पाहिलं, कुणी नाही. मग कळलं की टेलरचा मुलगा भूक लागली म्हणून न सांगता मध्येच उतरून गेला होता.

"तो घरी भाकर खायलाय," अप्पा म्हणाले. "त्याची माय सांगायली. करतो मी चालू."

"न्हाई."

"अहो मामा, मी माझ्या डोळ्यानं बघितलं त्याला दारात!"

"आपलं आपण बोलायचं, अप्पा. दुसऱ्याचं बोलायचं न्हाई."

सगळी गल्ली अंधारात थांबली. कुणाचं दूध गॅसवर, कुणाची मालिका सुरू व्हायची वेळ. टेलरच्या मुलाला हाताने धरून आणलं. त्याला शिडीवर दोन पायऱ्या चढवलं, उतरवलं. तोंडात घास होता, तो गिळून तो म्हणाला, "उतरलो." माझ्या मुलीने रेघ मारली. अप्पा किल्ली फिरवताना इतकं पुटपुटले की विभूतीचे पट्टे हलताना दिसले.

त्या रात्री मुलीने झोपताना मला विचारलं, मामा एवढे का चिडले. मी तिला उमरीची गोष्ट सांगितली. ती आठ वर्षांची होती, सांगावं की नाही कळत नव्हतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी कधी चुकणार नाही." तिने दिवा आपणच मालवला. माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही की हे पहिल्यांदाच झालं होतं.

मग माझी बदली झाल्यासारखंच झालं. नांदेडच्या एका ग्रंथालयात जागा मिळाली, आम्ही तिघं एका घरात राहू लागलो. चौथा मजला, लिफ्ट, चारही बाजूंनी दिवे. ध्रुव कुठे असेल याचा अंदाज मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुठी धरून करायची, दिसत नसे. अमावास्येला मामांचा फोन यायचा. बोलणं ठरलेलं. "आज वर बारा होते." किंवा, "ढग आलते. आठ." मुलीला विचारायचे, "पाटी कोण धरायलंय म्हणून सांगू? तुझ्यासारखं कुणी धरत न्हाई." मी एकदा म्हटलं होतं, या माघात येतो आम्ही, अगस्त्य बघायला. त्या वर्षी ग्रंथालयाची तपासणी निघाली. पुढच्या वर्षी मुलीची परीक्षा. दोन माघ गेले. मला नेहमी वाटे की आभाळ कुठे जात नाही.

पौषात मामी रडू आवरलेल्या आवाजात फोनवर बोलल्या. झोपेत गेले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. फाटकाच्या कडीला मी पालथ्या हाताने शिवले आणि मग ती उघडली. मुलीने ते पाहिलं. तीही तसंच करते, लातूरला शिकायला गेल्यापासून तिच्या मैत्रिणी तिला त्यावरून हसतात.

माघी अमावास्येला आम्ही पुन्हा देवणीला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. शिवरात्रीला संध्याकाळी मामी स्वतः वही घेऊन निघाल्या, गुडघे दुखत असताना. पंधरा घरं होती. कुणी सही कशाला म्हणून विचारलं नाही.

साडेसातला अप्पांनी पेटी उघडून हायमास्ट बंद केला आणि येऊन बाजेवर बसले. आता त्यांनाही काठी लागते. जुनी पोरं आली होती, मिशा फुटलेली, एकीच्या कडेवर स्वतःचं मूल. टेलरचा मुलगा आला होता. माझी मुलगी शिडीपाशी पाटी घेऊन उभी राहिली. लाकडी चौकटीची तीच पाटी, मामींनी धुऊन ठेवलेली.

आम्ही चढलो. वीस मिनिटं पालथे पडलो. 'आता वळा' म्हणायला कुणी नव्हतं, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा म्हणेल. शेवटी खालून अप्पांचाच आवाज आला, "वळा की रे."

मी दक्षिणेला पाहिलं. गोदामाच्या पत्र्यावर दोन मुठींना जरा कमी. उत्तरेला पाहिलं. सगळं लेव्हलमध्ये होतं. मला जे मोठ्याने म्हणायचं होतं ते ऐकायला माणूस नव्हता. दोन वर्षं उशीर झाला होता.

साडेआठला उतरायला सुरुवात झाली. "उतरलो." "उतरले." कडेवरच्या मुलाने तोंडाने फुर्रर केलं. टेलरच्या मुलाने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. माझ्या मागून शेवटी माझी मुलगी उतरली, तिने आपलं म्हटलं आणि लाल टॉर्च पाटीवर धरला.

तिने रेघा पुन्हा एकदा मोजल्या.

"काय गं?" मी विचारलं.

"आकडा चौदा लिहिलाय मी," ती म्हणाली. "रेघा तेरा आहेत."

मुलगी पाटीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "मी दोनपासून मोजलं, आई."

अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. आकडा खडूचा होता. बोटाने पुसून तेरा करायला एक क्षण लागला असता. सगळे जण खाली आहेत हे प्रत्येकाला दिसत होतं. तरी तिने तो पुसला नाही आणि कुणी पूस म्हटलंही नाही. टेलरचा मुलगा शिडीच्या बारला पालथा हात लावून उभा होता.

आम्ही सगळे अप्पांकडे पाहू लागलो. किल्ली त्यांच्या हातात होती. गल्लीत लोक दारांत उभे होते, हाकेची वाट बघत.

"माझ्याकडं काय बघायलाव?" अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान झाला होता. "दुसऱ्याचं मी कसं बोलू?"

मामी ओट्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या, शिडीपाशी आल्या, मान वर करून कठड्याकडे एकदा पाहिलं. आणि नेहमीच्याच कुरबुरीच्या सुरात म्हणाल्या,

"राहू द्या, अप्पा. उतरतील सावकाश."

अप्पांनी मान हलवली आणि किल्ली कोपरीच्या खिशात टाकली. त्या रात्री गल्लीत एकाही घराने बाहेरचा दिवा लावला नाही. लोक लाल टॉर्चच्या उजेडात आपापल्या घरी गेले. मुलीने पाटी तशीच, न पुसता, शिडीला टेकवून ठेवली.